चपट्या टोकाचं काडतूस

काडतुसाचं टोक चपटं होतं. टोकदार गोळी दगडावर घासून बोथट करावी, तसं. यूसुफने ते काउंटरवरच्या हिरव्या कापडावर उभं केलं आणि बोट काढून घेतलं. ते हललं नाही.

"असं का?" बू सालेमने विचारलं.

"लिव्हरच्या रायफलीत काडतुसं नळीखालच्या नळीत एकामागे एक निजतात," यूसुफ अरबीत म्हणाला. "टोक अणकुचीदार असलं, तर धक्क्यानं पुढच्याच्या बुडाला टोचायचं. आतल्या आत उडेल."

बू सालेम जुनं कुवेती गिऱ्हाईक. पुढच्या महिन्यात तो आफ्रिकेत रानरेड्याच्या शिकारीला निघाला होता. तिथली झाडी काटेरी, दाट. दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. म्हणून त्याला आखूड, झटपट भरता येणारी, जबर माऱ्याची रायफल हवी होती. यूसुफने दोन काढून ठेवल्या होत्या, एक हलक्या गोळीची, दुसरी मोठी, जड गोळीची. बू सालेम दोन्ही तोलून पाहत होता आणि त्याला ठरवता येत नव्हतं.

"मी सांगतो," तल्हा पलीकडून म्हणाला आणि चहाचा ग्लास ठेवून आला. तल्हा यूसुफच्याच गावचा, रत्नागिरीकडचा. दहा वर्षांपूर्वी यूसुफनेच त्याला व्हिसा काढून इथे कुवेतला, मिरकाब भागातल्या या बंदुकांच्या दुकानात आणलं होतं. आता विक्रीत तो यूसुफच्या पुढे होता. "मोठी घ्या. हलकी, वेगवान गोळी काडीला लागली की भरकटते. ही जड. झुडूप कापत सरळ जाते. बेलाशक झाडीतून मारा."

"नक्की?"

"बू सालेम, हे मी ऐकीव सांगत नाही. माझे अब्बा हलक्या गोळीनं गेले."

यूसुफने काडतूस उचललं. कापडावर त्याची गोल खूण उरली होती. ती तो अंगठ्याने पुसू लागला.

"आमच्या गावात रानडुकरं भात खायची," तल्हा सांगत होता. "मग हाका घालायचे. काही जण डोंगराखालून डबे बडवत वर यायचे, बंदूकवाले वर दबा धरून. नियम एकच. डबा वाजतोय तोवर बार टाकायचा. हाकेवाला माऱ्याच्या टप्प्यात आला, की तो डबा थांबवतो. डबा थांबला की नळ्या खाली. अब्बांचा डबा वाजत होता. डुक्कर बाजूनं निघालं. यांनी डुकरावर झाडली," त्याने यूसुफच्या खांद्यावर हात ठेवला, "आणि करवंदीच्या एका फांदीनं गोळी वळवली. यांचा काय दोष? बापामागे मला यांनीच शिकवलं. अशी जड गोळी असती, तर अब्बा आज असते."

बू सालेमने यूसुफकडे पाहिलं. मान किंचित झुकवली. मोठ्या दुःखाला माणसं देतात, तो मान त्याच्या नजरेत होता.

खांद्यावरचा हात यूसुफला सहन होईना. एकोणतीस वर्षं तो हा मान घेत आला होता. असमाभाभी, तल्हाची आई, दर सुट्टीत त्याच्यासाठी कोकमं नि सुके बोंबील बांधून द्यायची. दर सुट्टीत तो आज सांगायचंच असं ठरवून तिच्या ओटीवर बसायचा, आणि दर वेळी चहा संपायचा. गोळ्यांचा धंदा करता करता त्याला एक गोष्ट पक्की कळली होती. फांदीला लागली की कुठलीही गोळी वळते, जडही. पण वळलेली गोळी दूर गेली तरच चुकते. ती करवंदीची फांदी तल्हाच्या बापापासून दोन हातांवर होती. दोन हातांत गोळी कितीशी वळणार? हे अंतर कुणी मोजलं नव्हतं. त्याने मोजलं होतं.

"मग ठरलं," बू सालेम म्हणाला. "हीच. माझा धाकटा भाऊ माग काढत पुढे चालतो. मला त्याचीच काळजी होती. आता झुडूप हललं, तर थांबायला नको."

तल्हाने खोक्याला दुसरा हात घातला.

"नको," यूसुफ म्हणाला.

"काय नको, चाचा? दुसरी देऊ?"

"कुठलीच नको. बू सालेम, जडही वळते. जनावर उघडं दिसल्याशिवाय झाडायची नाही. झुडूप हललं म्हणून तर मुळीच नाही."

तल्हा हसला, आणि गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून गावच्या भाषेत बोलला. "चाचा, दुकान आपलं आहे की समोरच्याचं? महिन्याचं एक बरं गिऱ्हाईक, तेही पळवताय? आणि जडही वळते म्हणे. मग अब्बांचं काय खोटं सांगतो मी?"

यूसुफने खांद्यावरचा हात हळूच काढला आणि कापडावर ठेवला. तल्हाचं हसू अजून तसंच होतं. त्याच्या बापाचंही असंच डाव्या बाजूला ओढलेलं असायचं. हे हसू यूसुफला शेवटचं दिसत होतं, आणि ते त्याला माहीत होतं.

"तू नाही. मी," तो म्हणाला. "गोळी वळली नव्हती, तल्हा. डुक्कर नव्हतंच. झुडूप हललं, एवढंच. आणि डबा थांबला होता. थांबलेला मी ऐकला होता."