दहाव्याचा फोटो

चांगुणाबाईंचा दहावा उद्यावर आला होता आणि घरात त्यांचा एकच फोटो होता, रेशनकार्डावरचा, धुरकट. आई जाऊन नऊ दिवस झाले तरी रविराजला रडू आलं नव्हतं. निदान हे काम तरी होतं. फोटो सुधारणारं सॉफ्टवेअर त्याने कंटेनरमध्ये, म्हणजे लागेल त्या सामानासह कॉम्प्युटरमधल्याच एका बंद डब्यात बसवलं होतं. एका चेहऱ्याला अर्धा तास लागायचा. आज त्याने डब्याला चित्रांचं काम झपाट्याने उरकणारं ग्राफिक्स कार्ड जोडून दिलं आणि चहा निवायच्या आत आईचा चेहरा लख्ख उमटला.

वडिलांनी प्रिंट हातात घेतली.

"कपाळावरचं गोंदण कुठं गेलं रं?"

"मशीनला डाग वाटला असंल, नाना. पुसला त्यानं. परत घालतो ना."

"ऱ्हाऊ दे." नाना त्या कोऱ्या कपाळावरून अंगठा फिरवत राहिले. "माझ्या आईनं गोंदवलं हुतं तिला, लगीन झाल्यावर, पहिल्याच जत्रंत. ही लग्नाच्याबी आधीची हाय."

"मग चांगलंच की."

"व्हय, लई चांगली दिसती." त्यांनी प्रिंट परत दिली. "पण ही मला वळखायची न्हाई."