सचिवांचे सुविचार

"चाफा तोडायचा अधिकार तुम्हाला दिला कोणी?" दार उघडताच घैसासबाईंनी सोसायटीच्या सचिवांना विचारले. बाईंनी स्वतः लावून वाढवलेल्या झाडाच्या फांद्या खाली अंगणात एकेक करून पडत होत्या.

"सभेने," सचिव विद्वांस शांतपणे म्हणाले. "तिथे आता गाड्या उभ्या राहतील, माझीही. सभेची नोटीस सर्व सभासदांना ईमेलने गेली होती."

"मला मिळाली नाही."

"स्पॅममध्ये पाहा."

बाईंनी मोबाइल उघडला. नोटीस तिथेच होती, आणि तिच्या वरखाली होते सोसायटीच्या त्याच पत्त्यावरून रोज पहाटे येणारे सुविचार, गुलाबाच्या चित्रांसह. त्या रतिबाला विटून बाईंनीच तो पत्ता स्पॅममध्ये ढकलला होता.

"मग सभेला आलं तरी कोण?"

"मी आणि खजिनदार. गणसंख्या भरली नाही, म्हणून नियमाप्रमाणे सभा तहकूब केली आणि अर्ध्या तासाने तिथेच पुन्हा भरवली. तहकूब सभेला गणसंख्येचं बंधन नसतं. ठराव एकमताने मंजूर झाला."

"म्हणजे साऱ्या इमारतीनेच तुम्हाला स्पॅममध्ये टाकलंय!" बाईंच्या आवाजात आता कुचेष्टा उतरली. "लाज वाटायला हवी, विद्वांस. वर्षभर पहाटे उठून तुम्ही शहाणपण वाटलंत, आणि त्यातली एक ओळही कोणी वाचली नाही."

विद्वांस दार लोटता लोटता प्रथमच हसले.

"वाचावी म्हणून पाठवतच नव्हतो, बाई."