उंदराने नेलेली नाळ

आमच्या बेटावर माणूस एकतर रांगायच्या आत जातो, नाहीतर तोंडात दात उरला नाही तरी जायचं नाव काढत नाही. माझ्या बहिणीची, मालिएची, आधीची दोन्ही मुलं रांगलीच नाहीत. म्हणून तिसऱ्याची नाळ गळून पडताच अख्खं गाव तिच्याबरोबर लाव्हाच्या काळ्या खडकावर जमलं. खडकात खळगा पाडून त्यात नाळ ठेवायची आणि वर दगड बसवायचा, म्हणजे पोराला दीर्घायुष्य मिळतं. मालिएने नाळ ठेवली, मी दगड उचलला, आणि तेवढ्यात एक उंदीर ती नाळ तोंडात धरून पळाला. "धरा, धरा मेल्याला!" सगळे अनवाणीच मागे धावले. उंदीर भेगेत शिरला तो शिरलाच. "दादा, एक दगड उचलायला इतका वेळ?" मालिए रडू लागली. "गेलं माझं हेही बाळ!" "बाळ कसलं जातंय!" शेजारचा काहेले धापा टाकत म्हणाला. "गावाचं वाटोळं झालं. नाळ उंदराने नेली की पोर अट्टल चोर निघतं. माझ्या मामाची नेली होती. म्हाताऱ्याला काठीशिवाय उभं राहवत नाही, तरी लोकांचे मासे पळवतोच आहे." मालिएचं रडणं थांबलं. "म्हणजे काठी टेकण्याइतका म्हातारा होईल?" "होईलच की! हे चोर मरतात थोडेच!" ती बाळाला उंच धरून नाचू लागली. "ऐकलंत का गं बायांनो? माझा लेक चोर होणार!" बायकांनी तिला मिठ्या मारल्या. काहेले तेवढा घरी पळाला, कोंबड्यांना कुंपण घालायला.