बत्तीस आणि ब्याण्णव

“हॅ! चुकलं,” मुलगा हसला. “बाबांचे तक्ते भरायचीस म्हणे, आणि एवढं येईना?”

आईनं एका हातात इस्त्री धरूनच त्याची वही पुढे ओढली. बत्तीस किलो मिथेनॉल, ब्याण्णव किलो ग्लिसरीन. एकूण एकशे चोवीस. तिनं बत्तीसला एकशे चोवीसनं भागलं होतं, ०.२६. चुकलं कुठे?

“अगं, तो वजनाचा वाटा झाला. मोल फ्रॅक्शन म्हणजे रेणूंचा वाटा, त्यात किलो नाही, रेणू मोजायचे. मिथेनॉलचा रेणुभार बत्तीस, ग्लिसरीनचा ब्याण्णव. ज्याचे किलो त्याच्याच रेणुभारानं भाग. दोघांचे मोल सारखेच! म्हणजे अर्धा. आणि वाफ या वाट्यावर ठरते, म्हणजे मिथेनॉलची वाफ तू म्हणतेस त्याच्या जवळजवळ दुप्पट.”

चादर करपल्याचा वास आला तेव्हा कुठे तिनं इस्त्री उचलली.

दोन महिन्यांपूर्वी कारखान्यात याच मिश्रणाच्या टाकीत सफाईवाला उतरला होता. तक्त्यावर वाफ कमी दाखवली होती, म्हणून नुसता रुमाल बांधून. वर काढला तेव्हा जिवंत होता. मिथेनॉलच्या वाफेनं डोळे मात्र गेले.

तक्ता नवऱ्याचा. तो तिथला केमिस्ट. मोतीबिंदू लपवून काम करायचा, घरी आकडे सांगायचा आणि ती लिहायची. सगळं बाहेर आलं, नोकरी गेली. तेव्हापासून तो आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला. आणि ही येता-जाता टोचायची, “तेवढा एकच तक्ता स्वतः लिहायची काय हौस आली होती? माणूस आंधळा केलात!”

तिनं कपाटातून चौकशीचं पत्र काढलं. सोबत तक्त्याची नक्कल. वाकडंतिकडं अक्षर, ओळी एकमेकींवर चढलेल्या. अक्षर त्याचं, म्हणून चूक त्याची. दोन महिने तिनं फक्त अक्षरच पाहिलं होतं. आता आकडा पाहिला. ०.२६.

तो तापानं फणफणला होता तो दिवस तिला आठवला. “आज तूच काढ गं,” म्हणाला होता. तिनं काढला होता. झरझर, एका दमात. वर स्वतःवरच खूश झाली होती.

ती आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. 

“अहो… हा आकडा माझा आहे. मग अक्षर तुमचं कसं?”

“हळू बोल. पोरगा ऐकेल.” त्यानं मान वळवली नाही. “चौकशीवाले यायच्या आत उतरवून काढला. दिसत नव्हतं गं, नाहीतर ओळीत लिहिला असता.”