हार घातलेला फोटो

दर रविवारी सायकलवरून नवं गाव, नवा चहा! म्हैसमाळच्या घाटातलं हे माझं सातवं हॉटेल. "एकटीच आलीस व्हय? लई धीट गं बाई!" चहावाली आजी म्हणाली. मी ऐटीत बाकावर बसले आणि समोर पाहून गारच पडले. भिंतीवर माझ्या आईचा फोटो! दोन वेण्या, शाळेचा गणवेश, आमच्या अल्बममधलाच. पण त्याला हार घातलेला. "ही कोण?" "माझी लेक. परजातीत लगीन केलं, तर ह्यांनी तिचं जितेपणीच दहावं घातलं. सतरा वर्षं झाली, नाव काढायची बी चोरी." 'मला माहेर नाही,' एवढंच आई सांगायची. मी आईला फोन लावला, स्पीकर सुरू केला. "कुठं पोचलीस गं? डबा खाल्लास?" आजीच्या हातातली किटली थबकली. फोनकडं नाही, फोटोकडं बघत ती म्हणाली, "आवाज तसाच हाय गं तुझा."