वर गेलेले हात

“शाळेत आपलं मत विचारलं जातं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा,” मृदुला म्हणाली आणि सवयीनं तिनं स्वतःचाही हात वर केला. शाळेतल्या एकजुटीचा निकालावर काय परिणाम होतो, यावर तिची पीएच.डी. चालू होती.

दहावीच्या वर्गानं आधी दाराकडे पाहिलं. तिथं मुख्याध्यापक हाताची घडी घालून उभे होते. भराभर हात वर गेले. फक्त खो-खोची कॅप्टन सुगंधा हात खाली ठेवून बसली होती.

“काय गं, ऐकू येत नाही?” सर गरजले.

सुगंधा उठली. “निकालासाठी आमचा खेळाचा तास बंद केलात, सर. तेव्हा कुणाला विचारलंत?”

सर तरातरा तिच्या बाकाकडे निघाले. तेवढ्यात तिच्या शेजारणीनं हात खाली घेतला. मग मागच्या मुलानं. बघता बघता सगळ्या वर्गाचे हात उतरले. सर मध्येच थबकले.

आता एकच हात वर होता.

“मॅडम,” सर थंडपणे म्हणाले, “या शाळेत संशोधन करायची परवानगी तुम्हाला मी दिलीय.”

सगळा वर्ग मृदुलाकडे बघत होता.

तिनं हात खाली घेतला.