बाबांसाठी टाळ्या

ओट्यावर बसून हरेश्वर चिकूवर पसरायचं फाटकं जाळं शिवत होता. शेजारी त्याच्या मुलीचा, मनवाचा, ऑनलाइन तास चालू होता. वटवाघळं बिया पसरवतात, रानं वाढवतात, असं बाई जीव तोडून सांगत होत्या. “आता उपक्रम! घराजवळ किती वटवाघळं दिसली?”

“अकरा,” मनवा म्हणाली.

हरेश्वरची सुई थांबली. सकाळी जाळ्यात अडकून मेलेली अकरा वटवाघळं त्यानं गुपचूप पुरली, तेव्हा पोर मागेच उभी होती तर!

“इतकी! कुठं गं?” बाईंनी विचारलं.

मनवानं बापाकडे पाहिलं. “आमच्या चिकूवर. बाबा त्यांना कधीच हाकलत नाहीत.”

“वा! बाबांसाठी टाळ्या!”

फोनमधून टाळ्यांचा कडकडाट झाला. हरेश्वरला मान वर करवेना. केली तेव्हा दिसलं, फक्त मनवाच टाळ्या वाजवत नव्हती.